चादरीवरचं ऊन

१४ मार्च

धाकटे,

आई म्हणते म्हणून लिहिते आहे. ती समोर बसून भाजी निवडते आहे आणि काय लिहितेस म्हणून विचारते आहे. मी सांगते, खुशाली. खुशाली अशी की आईचे गुडघे दुखतात, मी बरी आहे आणि वरच्या उतारावरचे शिरीष तोडायचं ठरलं आहे.

थोरले मालक गेल्याचं तुला कळलं असेल. आता मळा त्यांची सून बघते. सगळे त्यांना सूनबाईच म्हणतात, अगदी तोंडावर, आणि त्यांनाही त्यात वावगं वाटत नाही. परवा त्या स्वतः वर आल्या. बरोबर एक माणूस होता, त्याच्या हातात लाल रंगाचा डबा. त्याने एकेका खोडावर फुली मारली. पिढ्यान्‌पिढ्या कॉफीवर सावली धरून उभी असलेली झाडं, आणि फुली मारायला त्याला ब्रश एकदाच बुडवावा लागत होता. माथ्यावरच्या झाडालाही मारली. कुठलं ते तुला सांगायला नको.

कारण कूज. सलग दोन पावसाळे वरच्या कॉफीला काळी कूज लागली. पानं काळी पडतात, फांदीपासून सुटतात आणि बुरशीच्या धाग्याला लोंबकळत राहतात. मग फळं गळतात. सूनबाईंचं म्हणणं, सावली दाट झाली आहे, खाली ओल सुकत नाही. शिरीष काढायचे आणि त्यांच्या जागी ती सरळसोट परदेशी झाडं लावायची. त्यांना फांद्या कमी, छाटायला शिडी पुरते, आणि पुढे लाकूडही विकता येतं. खड्डे खणून झालेसुद्धा.

मी त्यांना सांगितलं की शिरिषाची गळलेली पानं इतकी बारीक असतात की दोन पावसांत त्यांची माती होते. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्या जमिनीला खाऊ घालतात. उघड्या उन्हात कॉफीला खोडकिडा धरतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यातलं बरंच त्यांना ठाऊक होतं.

"हे सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि कूजही खरी आहे. मुकादमबाई, तुमची सावली मला परवडत नाही."

मी म्हटलं, सावली माझी नाही, झाडाची आहे.

"मग झाड परवडत नाही."

बाई हुशार आहे. दुसरीकडे कुठे भेटली असती तर मला आवडली असती.

शेवटी त्यांनी एक पावसाळा दिला. माथ्यावरच्या झाडाखाली सगळ्यात जास्त अंधार, म्हणून तिथंच दाखवा म्हणाल्या. पाऊस सरताना त्याच्याखालची कॉफी स्वच्छ राहिली तर सगळे शिरीष राहतील. नाही राहिली तर सगळे जातील. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं कारण नव्हतं. या उतारावर सावलीचं काम आईने केलं, आता मी करते, आणि माझ्या हाताखाली आजवर एक झाड बिघडलेलं नाही.

तुझी मुलगी विचारेल, मावशी काय काम करते. तिला सांग, मावशी झाडाखाली चादर घालते. भर दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, कॉफीच्या दोन ओळींमध्ये पांढरी चादर अंथरायची. तिच्यावर ऊन आणि सावली दोन्ही पडतात. निम्मं ऊन, निम्मी सावली असेल तर झाड ठीक. सावली जास्त असेल तर झाडावर चढलेल्याला सांगायचं, ही फांदी काढ, ती ठेव. खालचा सांगतो, वरचा तोडतो. उलटं होत नाही.

तू वर आणि मी खाली, असं आपलं चांगलं चाललं होतं.

तुला कळावं म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का, हे मी आईला विचारलं. इतक्या वर्षांनी लिहिलंस आणि लिहिलंस काय, तर "ताई, चादर कुठली वापरतेस?" खाली सही नाही. आईने कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

चादर नवी आहे. जुनी एका कोपऱ्याला फाटली होती आणि चिकाचे डाग पडून पोत्यासारखी झाली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी मी बाजारातून ही आणली. पांढरीशुभ्र, चकचकीत, सुरकुती पडत नाही, पिळली की वाळते. मोठ्या हॉटेलात हीच जाते असं दुकानदार म्हणाला. पहिल्यांदा अंथरली तेव्हा कामावरचे लोक काम टाकून बघायला आले. खालच्या रस्त्यावरून दिसते म्हणतात.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं. तू रांगत होतीस तेव्हा मी चादरीचं टोक धरून आईच्या मागे चालत होते. तू शहरात विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या तोडतेस, डोक्यावर हेल्मेट घालून. चांगलं काम आहे. आईने तुझा हेल्मेटमधला फोटो आरशाशेजारी लावला आहे, त्यामुळे केस विंचरताना मला रोज तू दिसतेस. पण तुमच्याकडे तार मोकळी झाली की काम झालं. खाली उजेड किती पडला हे कोणी बघत नाही. मला चादर शिकवू नकोस.

शिरीष सध्या बोडके आहेत. वाऱ्यावर शेंगा वाजतात. नवी पालवी पुरती भरल्याशिवाय चादर घालण्यात अर्थ नाही, म्हणून आम्ही थांबलो आहोत.

आई हसते आहे. कशाला ते सांगत नाही.

ताई


२३ एप्रिल

धाकटे,

पालवी भरली. काल चादर घातली. एक सोडून दोन घातल्या.

हे आईचं काम. तिने जुनी चादर टाकली नव्हती, स्वतःच्या गादीखाली घालून ठेवली होती. काल सकाळी मी निघाले तेव्हा तिने ती माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, हीसुद्धा ने, हिला बरेच दिवस वारा लागला नाही.

उताराच्या मधल्या एका झाडाखाली मी आधी नवी अंथरली. निम्मं ऊन, निम्मी सावली. मला बरं वाटलं. शेजारी जुनी अंथरली. तिच्यावर कुठे कुठे मुठीएवढं ऊन, बाकी सगळी सावली. झाड तेच, वेळ तीच. मी चादरींची अदलाबदल केली. तरी तेच.

नवी चादर चमकते. उन्हाचा ठिपका तिच्यावर पडला की त्याच्या कडा फुटून पसरतात, आणि विरळ सावलीसुद्धा उजेडासारखी दिसते. मला ती बघताना डोळे बारीक करावे लागत होते. मी समजत होते की यंदा ऊन कडक आहे.

म्हणजे चादर चुकत होती. मी चुकत नव्हते. तिच्यावर जे दिसलं ते मी बरोबर वाचलं. पण दोन वर्षं झाडं कमी छाटली गेली, हे मान्य करायला हवं, आणि मी ते मान्य केलं. सूनबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी नवी चादर दारात उन्हात धरली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ही मला द्या, पाहुण्यांच्या खोलीत घालते. मला वाटलं, आता त्या फुल्या पुसायला सांगतील. त्या म्हणाल्या, "कूज का लागली ते कळलं. आता लागत नाही ते दाखवा." ठरलं ते ठरलं.

घरी आले तर आई म्हणाली, तिकडे बसून तिला दिसलं. मी म्हटलं, तिला दिसलं नाही, तिने विचारलं. त्यात फरक आहे.

पण विचारलंस ते नेमकं विचारलंस. मी इथं बऱ्याच जणांबरोबर काम केलं आहे. झाडाचं विचारतात, फांदीचं विचारतात, मजुरीचं तर विचारतातच. चादरीचं कोणी विचारलं नव्हतं. हे मी कामावरच्यांना सांगितलं. तू कोण, हे नव्यांना माहीत नव्हतं, तेही सांगितलं.

ताई


१० मे

धाकटे,

छाटणी चालू आहे. हल्ली चढायला दोघे भाऊ येतात. थोरल्याला उंचीची भीती नाही पण घाई फार. धाकट्याला भीती आहे आणि ती दिसू नये म्हणून तोही घाई करतो. दोघांना मी आधी फांदी उतरवायला शिकवलं. ते तोडून खाली सोडून देत होते आणि खालची कॉफी मोडत होती. आता फांदीला दोर बांधतात, कापतात आणि झुलवत खाली आणतात. पहिल्या दिवशी थोरला म्हणाला, "मुकादमबाई, फांदी आहे का नवरी?" मी म्हटलं, नवरी असती तर तुझ्या हातात दिली नसती.

वरचा सगळा उतार झाला. जुन्या चादरीवर एकेक झाड बरोबर आलं. सकाळी वर गेलं की कॉफीच्या ओळींमध्ये पाय कुठे टाकतो ते दिसतं. असा उजेड मी विसरले होते. बायका काम करता करता वर बघून जातात.

माथ्यावरचं राहिलं आहे.

त्यावर कोण चढतंय, असं तू विचारलं आहेस. कोणी नाही. भाऊ पहिल्या बेचक्यापर्यंत गेले. पहिली फांदीच आपल्या घराच्या छपरापेक्षा उंच, तुला माहीत आहे. तिथं बसले, इकडे तिकडे पाहिलं आणि उतरले. थोरला म्हणाला, इथून पुढे झाड फार पसरलं आहे, दोर टाकायला जागा नाही. मी म्हटलं, जागा आहे, माझी बहीण टाकायची. कसा, त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. तू दोर कसा टाकायचीस ते मी कधी पाहिलंच नाही. मी चादरीकडे बघत असायची.

दक्षिणेकडची फांदी अजून आहे. मी काढ म्हटलं होतं आणि तू काढली नाहीस, तीच. चांगली माजली आहे.

त्या दिवशी आपलं काय बोलणं झालं ते मला नीट आठवत नाही. आईला आठवतं. ती म्हणते, सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तुला फांद्या तोडायला ठेवलंय, अक्कल चालवायला नाही." मी म्हटलं, आईला हल्ली कमी ऐकू येतं. आई म्हणाली, "तेव्हा चांगलं ऐकू येत होतं."

असो. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं आणि सकाळी मोकळं होतं. किती दिवस मोकळं होईल ते सांगता येत नाही. सूनबाई काल विचारून गेल्या, माथ्यावरचं कधी. मी म्हटलं, होतंय.

ताई


१८ मे

धाकटे,

येऊ नकोस. तुला रजा मिळणार नाही, पोरीची शाळा बुडेल, प्रवासात हाडं खिळखिळी होतात. इथं काही अडलेलं नाही.

वरच्या रस्त्याची गाडी आता वळणावर थांबत नाही, शाळेपाशी थांबते. तिथून घराकडे यायला नवी पायवाट केली आहे. जुनी वाट खचली, तिकडून जाऊ नये. कोपऱ्यातली खोली झाडून घेतली ती वाळवी दिसली म्हणून. खाट उन्हात टाकली तीही त्यासाठीच. दोर नवा आणला आहे, तुम्ही शहरात वापरता तसला. दुकानदाराला मागवून घ्यावा लागला. तो असाही लागणारच होता.

मोकळ्या आभाळाचे दिवस आता फार राहिलेले नाहीत. म्हणून कोणी येणार असेलच तर त्याने उशीर करण्यात अर्थ नाही. मी तुझ्याबद्दल म्हणत नाही.

ताई


६ जून

धाकटे,

तू नीट पोचल्याचं तुझ्या मुलीने कळवलं. अक्षर तुझ्यासारखं आहे, शुद्धलेखन बापावर गेलं आहे.

तू इथं होतीस तेव्हा आपण फार बोललो नाही. मीठ दे, पाणी तापलंय, दिवा मालव. आई दोघींच्या मध्ये बसून दोघींच्या वाटचं बोलत होती. म्हणून आता लिहिते. त्या दिवशी तू वर होतीस. खाली काय चाललं होतं ते तुला माहीत नाही.

आई खुर्चीत बसून आली होती, ते तू पाहिलंस. तिला दोघा भावांनी खुर्चीसकट वर आणलं होतं, कारण ती म्हणाली होती की नेलं नाही तर मी चालत येईन आणि पडले की तुमच्या नावाने पडेन. सूनबाई बांधावर उभ्या होत्या. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मी चादर अंथरली, पण तू दोर टाकायला लागलीस तेव्हा पहिल्यांदाच चादर सोडून वर पाहिलं.

तू दोर आधी हातात तोललास. मग दोनदा झुलवलास आणि मनगटातून सोडलास. तो हव्या त्या फांदीवरून गेला आणि त्याचं टोक बरोबर तुझ्या हातात आलं, जसं काही झाडानेच परत दिलं. थोरला भाऊ म्हणाला, "हे शहरात शिकल्या होय?" मी म्हटलं, "शहर तिच्याकडून शिकलं असेल." हे तुला ऐकू आलं नाही. आईला आलं.

मग तू चढलीस. तुझं वय मला माहीत आहे, माझ्याहून कमी असलं तरी कमी नाही. पण बेचक्याच्या वर गेल्यावर तुझं शरीर वेगळंच झालं. घाई नव्हती. एक हात धरलेला असल्याशिवाय दुसरा सुटत नव्हता. धाकटा भाऊ तोंड उघडं टाकून बघत होता. मी त्याला म्हटलं, बघ, भीती नसलेला माणूस असा चढत नाही. भीती ओळखीची असलेला असा चढतो. तेव्हापासून तो जरा सावकाश चढतो.

तू शेंड्याजवळ पोचलीस आणि ढग आले.

तुला वरून ते आधी दिसले असतील. मला चादरीवर कळलं. ठिपके फिके झाले आणि मग गेलेच. ऊन नाही, सावली नाही, नुसतं कापड. मी थोडा वेळ थांबले. ढग पसरत गेले. वारा सुटला, त्याला पावसाचा वास होता. उद्या दिवस मिळेल असं कोणी म्हणालं नसतं.

तू वरून हाक मारलीस, "ताई, कुठली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊ दोर धरून, आई खुर्चीतून, सूनबाई बांधावरून. मला काही दिसत नव्हतं. अंदाजाने सांगता आलं असतं. आवाज चढवून सांगितलं असतं तर तो अंदाज आहे हे कोणाला कळलं नसतं. दक्षिणेकडची, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो तोंडापर्यंत आला होता. आणि तू या वेळी ती कापली असतीस, हेही मला माहीत होतं. तू तेवढ्यासाठी इतक्या लांबून आली होतीस.

मी विचारलं, "तुला काय दिसतंय?"

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा विचारणं मला जमलं नसतं.

"इथून खालची कॉफी दिसते," तू म्हणालीस. "जिथं दिसते तिथं ऊन पोचतं. दिसत नाही तिथं पोचत नाही. दक्षिणेच्या फांदीतून मला सगळी कॉफी दिसते, ताई. अंधार पूर्वेकडच्या जुळ्या फांद्यांचा आहे."

सूर्य वरून बघतो आणि तूही वरूनच बघतेस. इतकी साधी गोष्ट आहे. आई खुर्चीत पुढे वाकून म्हणाली, "आपण जन्मभर खाली बघत बसलो." ती "आपण" म्हणाली. मला एकटीला म्हणाली नाही.

मग मी ओरडले, "पूर्वेकडची काढ." आणि तू विचारलंस, "हुकूम आहे का?" मी म्हटलं, आहे. तू हसलीस. आवाज आला नाही, पण तू बसली होतीस ती फांदी हलली.

पुढचं तुला माहीत आहे. जुळ्यांपैकी एक काढलीस, दुसरीचा शेंडा मोडलास, आणि ते धूड दोराने असं खाली आलं की कॉफीची एक काडी मोडली नाही. तू उतरलीस तेव्हा आईने तुझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तू गेलीस.

तू गेलीस त्या दुपारी ऊन पडलं. थोडाच वेळ. मी जेवता जेवता उठले आणि चादर घेऊन चिखलातून पळत माथ्यावर गेले. या वयात. वाटेत दोनदा बसले.

निम्मं होतं. आखून दिल्यासारखं नव्हे, बारीक बारीक ठिपके, वारा आला की सगळे जागा बदलायचे, आणि वारा थांबला की पुन्हा निम्मं ऊन, निम्मी सावली. मी चादर चारी बाजूंना सरकवून पाहिली. सगळीकडे तेच. या उतारावर माझ्या सांगण्यावरून बरीच झाडं छाटली गेली आहेत आणि ती चांगली आहेत. पण असं एकही नाही.

ते तू पाहिलं नाहीस. म्हणून लिहिलं.

ताई


२१ जुलै

धाकटे,

पाऊस थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, चुलीवर धरून वाळवावे लागतात. आज माथ्यावरच्या झाडाखाली एक काळं पान सापडलं.

एकच आहे. धाग्याला लोंबत होतं. मी ते फांदीसकट कापलं आणि लांब नेऊन पुरलं. मग बाकीची झुडपं खालून वर एकेक पाहिली. बाकी कुठे नाही. पण एकापासूनच सुरू होतं.

सूनबाईंना सांगावं की नाही, हा प्रश्न होता. आई म्हणाली, न सांगितलंस तर ते पान तुला रोज दिसेल. मी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाऊस सरताना बघायचं ठरलं होतं. एका पानासाठी मी शब्द फिरवणार नाही." मग छत्री उघडली आणि माझ्याबरोबर बघायला आल्या. एवढ्या पावसात.

वाऱ्याला झाड हलतं आणि पानांतलं पाणी झटकून टाकतं. पाऊस थोडा थांबला की खालची कॉफी लगेच सुकायला लागते. सूनबाई एका झुडपाला हात लावून उभ्या राहिल्या. मला म्हणायचं होतं की हे माझ्या बहिणीचं काम आहे. पण निकाल लागायच्या आधी तुझं नाव मध्ये आणायचं नव्हतं. बरा लागला तर आणीन. वाईट लागला तर तो माझा.

ताई


२८ सप्टेंबर

धाकटे,

पाऊस ओसरला. शिरीष राहिले. सगळे.

काल सूनबाई आल्या. माथ्यावरच्या झाडाखाली त्यांनी एकेक ओळ स्वतः फिरून पाहिली, पानं उलटून, फांद्यांच्या आत हात घालून. त्या काळ्या पानानंतर दुसरं निघालं नाही. फक्त खाली नाल्याच्या कडेच्या दोन झुडपांना थोडी कूज होती. तिथं ओल राहणारच, असं मी म्हणणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या. मग हात झटकून त्या सरळ उभ्या राहिल्या.

"छान छाटलंत, मुकादमबाई," त्या म्हणाल्या.

बायका होत्या, दोघे भाऊ होते. मी म्हटलं, "मी नाही. माझ्या बहिणीनं. कुठली काढायची, कुठली ठेवायची तेही तिनंच ठरवलं. मी खाली होते."

त्या म्हणाल्या, हो, मी तिथं होते. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. सांगितलं ना, बाई हुशार आहे.

परदेशी रोपांची मागणी त्यांनी रद्द केली. खड्डे आहेतच, त्यात शिरीषच लावा म्हणाल्या, रोपं मिळतील का. मी म्हटलं, बघते. बी मी केव्हाच भिजवून पिशव्यांत लावलं आहे, बोटभर रोपं झाली आहेत, पण लगेच आहेत म्हटलं की किंमत राहत नाही. यंदापासून आम्ही काम थोडं बदललं आहे. धाकटा भाऊ चढला की आधी शेंड्यावर बसून खाली बघतो आणि कुठे कॉफी दिसत नाही ते ओरडून सांगतो. मग मी चादर बघते. कधी त्याचं खरं असतं, कधी माझं. माझं जास्त वेळा असतं, पण तो नवा आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. कामावरचे लोक माथ्यावरच्या झाडाला आता "धाकटीचं झाड" म्हणतात. कोणी सुरू केलं माहीत नाही. मी दोन-तीनदा दुरुस्त केलं. झाड कोणाचं नसतं, आणि खाली मीही उभी होते. कोणी मनावर घेतलं नाही.

आज सकाळी पलीकडच्या मळ्याचे व्यवस्थापक आले होते. त्यांच्याकडे यंदा कूज फार आहे, आमच्याकडे कशी नाही ते बघायला. सुरुवात कुठल्या झाडापासून केलीत, त्यांनी विचारलं. मी वर हात केला आणि माझ्याच तोंडून गेलं, धाकटीच्या.

"धाकटी कोण?" त्यांनी विचारलं.

ते घाईत होते. खाली रस्त्यावर त्यांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. मी सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

ताई